वाचकांचे प्रश्न : अन्नविज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेताना

बारावीच्या निकालानंतर अन्नविज्ञान शाखेबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रं छोट्या, आंतरविद्याशाखीय विद्यापीठांतल्या चार वर्षांच्या बी.एस्सी.विषयी आहेत, म्हणून उत्तरांचा रोखही तिकडेच आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला पुण्याजवळच्या एका छोट्या खासगी विद्यापीठात अन्नविज्ञानाच्या बी.एस्सी. ऑनर्सला प्रवेश मिळतो आहे. तिथे डिझाइन, पर्यावरण, सार्वजनिक धोरण आणि अन्नविज्ञान हे सगळं एकाच आवारात शिकवतात. वर्गात तीस मुलं. दुसरीकडे परभणीला बी.टेक. करावं असंही घरात बोलणं चालू आहे. काय निवडावं?
— एक पालक, कराड

उत्तर : आधी मुलीला नेमकं कशात काम करायचं आहे ते विचारा. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासूनचं, कृषी विद्यापीठाचं. तिथलं बी.टेक. हे अभियांत्रिकीकडे झुकलेलं आहे. उष्णतेचं वहन, रेफ्रिजरेशन, यंत्रांची रचना यावर तिथे बराच वेळ जातो. कारखान्यात यंत्रसामग्री आणि उत्पादन सांभाळायचं असेल तर बी.टेक. घ्यावं. नवं उत्पादन तयार करणं, तपासणी, गुणवत्ता, अन्नसुरक्षा, लेबल आणि कायदा यात रस असेल तर चांगली बी.एस्सी. कुठेही कमी पडत नाही. प्रश्न ‘चांगली’ या शब्दाचा आहे आणि तो माहितीपत्रक वाचून सुटत नाही.

आमचा आग्रह एकच : प्रात्यक्षिकांचे तास मोजा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी साधारण 160 ते 176 क्रेडिटची असते. अभ्यासक्रमाचा संपूर्ण तक्ता मागून घ्या आणि अन्नाशी संबंधित प्रात्यक्षिकांची क्रेडिट वेगळी काढून त्यांची बेरीज करा. 40 आली तर 1200 तास झाले, ते उत्तम. 30 च्या खाली गेली तर सावध व्हा. आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमात भाषा, मूल्यशिक्षण, मुक्त निवडीचे विषय, मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) अशी भर पडत जाते. ते विषय वाईट नाहीत, पण जागा कमी पडली की आधी कात्री लागते ती प्रयोगशाळेला, कारण प्रयोगशाळा महाग असते.

मग प्रत्यक्ष जाऊन पायलट प्लँट, म्हणजे शिकण्यासाठीचा छोटा कारखाना, पाहा. स्टीम जॅकेटेड केटल, पल्पर, ट्रे ड्रायर, रिटॉर्ट (बंद डबे दाबाखाली वाफेने तापवणारं यंत्र), पाश्चरायझर ही यंत्रं दिसतील. तिथे एकच विचारा : बॉयलर शेवटचा कधी चालला? वाफ नसेल तर केटल आणि रिटॉर्ट ही नुसती शोभेची भांडी. प्रत्येक यंत्राजवळ लॉगबुक असतं, ते उघडून गेल्या सत्रातल्या नोंदी बघा. वजनकाटा आणि पीएच मीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे का, त्यावर तारीख कुठली, हेही पाहा. मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना या प्रश्नांचा राग येत नाही. चांगल्या ठिकाणी तर ते उत्साहाने दाखवतात.

तीस मुलांचा वर्ग ही मात्र छोट्या विद्यापीठाची खरी ताकद आहे. प्रत्येकाच्या हातात स्वतःची ब्युरेट येते. साठ-सत्तर मुलांच्या तुकडीत चौघांत एक ब्युरेट असते. एक जण टायट्रेशन करतो आणि तिघं आकडे उतरवतात. तीस मुलं असूनही पाच-पाचचे गट केले जात असतील तर हा फायदा हातातून गेलाच म्हणायचा. म्हणून ‘गटात किती मुलं’ हे आवर्जून विचारा.

पदवीचं नावही पाहा. अन्न सुरक्षा अधिकारी या पदासाठीच्या नियमांत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, कृषी अशा पदव्या नावानिशी दिल्या आहेत. प्रमाणपत्रावर ‘फूड सायन्स’, ‘फूड स्टडीज’ किंवा ‘न्यूट्रिशन’ असं काही येणार असेल, तर ती पदवी समकक्ष धरली जाते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासन चार वर्षांनी अर्ज भरताना कामाला येत नाही. आणि विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे याची खात्री फी भरण्याआधीच करून घ्या.

प्रश्न : बारावीला माझा पीसीबी ग्रुप होता, गणित दहावीनंतर सुटलं. अन्नविज्ञानात गणित किती लागतं? झेपेल का?
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : झेपेल. पण ‘गणित नाहीच’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कॅल्क्युलस फारसं लागत नाही. गुणोत्तर, टक्केवारी, लॉगॅरिदम आणि संख्याशास्त्र मात्र रोज लागतं. तुमच्याकडचाच हापूस घेऊन दोन उदाहरणं पाहू.

जॅम करायचा आहे. 45 किलो गर घेतला, त्यात 16 टक्के विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे 7.2 किलो. साखर 55 किलो. एकूण घन पदार्थ 62.2 किलो. जॅम 68 ब्रिक्सला, म्हणजे 68 टक्के विद्राव्य घन पदार्थांना, उतरवायचा; तेव्हा शेवटी वजन 62.2 भागिले 0.68, साधारण 91.5 किलो राहिलं पाहिजे. सुरुवातीचं वजन 100 किलो होतं, तर 8.5 किलो पाणी उडवायचं. (पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल सोपेपणासाठी धरलेलं नाही.) एवढंच गणित, पण ते चुकलं तर माल वाया जातो. आपल्या मानकांनुसार जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान 65 टक्के आणि फळाचा भाग सर्वसाधारणपणे किमान 45 टक्के लागतो. 65 च्या बरंच खाली थांबलात तर यीस्ट आणि बुरशीला पुरेसं पाणी मिळतं. 70 च्या वर गेलात तर बरणीत साखरेचे खडे धरतात. इथे नवी मुलं हमखास एक चूक करतात. उकळत्या जॅमचा थेंब तसाच रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजणाऱ्या उपकरणावर, ठेवतात. ते उपकरण 20 अंशांना जुळवलेलं असतं. गरम थेंबाचं वाचन कमी येतं, मग ‘अजून झाला नाही’ म्हणून आटवत राहतात आणि जॅम घट्ट होऊन बसतो. थेंब थंड करून मगच वाचायचा.

दुसरं उदाहरण लॉगॅरिदमचं. ठरावीक तापमानाला जंतूंची संख्या दहापट कमी व्हायला जो वेळ लागतो तो डी-व्हॅल्यू. डबाबंद अन्नात जीवघेणं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूच्या बीजाणूंसाठी 121.1 अंशांना तो 0.21 मिनिट धरतात. कमी आम्लाच्या, म्हणजे पीएच 4.6 च्या वरच्या डबाबंद पदार्थात अशा बारा पायऱ्या उतरायच्या असतात : 12 गुणिले 0.21, म्हणजे 2.52 मिनिटं. या बीजाणूंचा झेड-व्हॅल्यू 10 अंश आहे. म्हणजे तापमान 10 अंशांनी उतरलं की वेळ दहापट वाढतो. 111.1 अंशांना तेच काम करायला 25 मिनिटांहून जास्त लागतात. आणि हा वेळ मोजायचा तो डब्यातल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागी. रिटॉर्टच्या काट्यावर नाही. मशरूमच्या डब्याला रिटॉर्ट लागतो आणि आम्लता योग्य राखलेला आंब्याचा गर गरमागरम भरून सील केला तरी टिकतो, याचं कारण पीएच 4.6 च्या याच सीमेत आहे.

कॉलेज सुरू होईपर्यंत रोज अर्धा तास अकरावीचं लॉगॅरिदम आणि दहावीची टक्केवारीची उदाहरणं सोडवा. तेवढं पुरतं. विद्यापीठ गणिताचा ब्रिज कोर्स देत असेल तर तो टाळू नका.

प्रश्न : पहिल्या सत्रात प्रयोगशाळेत काय काय असतं आणि आधीपासून कशाची तयारी करावी?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : सुती, पूर्ण बाह्यांचा पांढरा एप्रन, पुढून बंद बूट, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पर्मनंट मार्कर आणि पक्क्या बांधणीची वही. नायलॉनमिश्रित एप्रन नको, बर्नरजवळ तो वितळून अंगाला चिकटतो. आकडे सुट्या कागदावर लिहून रात्री जर्नलमध्ये ‘स्वच्छ’ उतरवायची सवय शाळेपासून असते, ती पहिल्याच दिवशी सोडा. आकडा जिथे दिसला तिथे, वहीत, पेनाने. चुकला तर एका रेघेने खोडायचा, खाडाखोड करून गिरवायचा नाही. उद्योगातल्या प्रयोगशाळेत ऑडिटर हेच बघतो.

सुरुवातीला साधारणपणे तीन गोष्टी हाताखाली येतात. दुधाची आम्लता बहुतेक सगळीकडे पहिली. 10 मिलिलिटर दूध, फिनॉल्फ्थॅलिनचे मोजके थेंब, आणि ब्युरेटमधून 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोडा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. दर मिलिलिटरला 0.009 ग्रॅम लॅक्टिक आम्ल. 1.6 मिलिलिटर लागले तर 0.0144 ग्रॅम, म्हणजे 0.144 टक्के, हे ताज्या दुधाचं वाचन झालं. आता बिघडतं कुठे ते पाहा. कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि हळूहळू कमजोर होतो. द्रावण 0.1 ऐवजी 0.09 झालं असेल तर त्याच दुधाला 1.78 मिलिलिटर लागतात आणि आम्लता 0.16 टक्के दिसते. दूध तेच, पण कागदावर ते आंबायला लागलेलं. म्हणून वापरण्याआधी ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी, लिटरला 6.3 ग्रॅम, ताडून घ्यायचं. ब्युरेटच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा आणि वर तसंच राहिलेलं फनेल, ही चुकीची आणखी दोन कारणं.

दुसरी गोष्ट ओलावा. 5 ग्रॅम कणीक, 105 अंशांचा ओव्हन, वजन स्थिर होईपर्यंत. 4.4 ग्रॅम उरली तर ओलावा 12 टक्के; आट्याला मानकात 14 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. डिश गरम असताना काट्यावर ठेवली तर भोवतालची हवा तापून वर जाते, वजन कमी दिसतं आणि ओलावा उगाच जास्त येतो. उलट डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) न ठेवता टेबलावर थंड केली तर पावसाळी हवेत ती पाणी शोषते आणि ओलावा कमी येतो. गूळ किंवा मधासाठी ही पद्धत चालतच नाही, कारण 105 अंशांना साखर स्वतःच विघटित होऊ लागते. तिथे व्हॅक्यूम ओव्हन लागतो, 70 अंशांच्या आसपास.

तिसरी, सूक्ष्मजीवांची मोजणी. 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात, मग त्यातलं 1 मिलिलिटर 9 मध्ये, असं दहा-दहापटीने पातळ करत जायचं. 25 ते 250 वसाहती असलेलीच प्लेट मोजायची. अगार, म्हणजे जंतू वाढवण्याचं गोठणारं माध्यम, 45 अंशांच्या आसपास ओतायचा. जास्त गरम ओतला तर जंतू मरतात आणि निकाल खोटा ‘स्वच्छ’ येतो, फार थंड झाला तर गुठळ्या होतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) 121 अंशांना 15 मिनिटं, पण आतली हवा आधी बाहेर काढली नाही तर काटा बरोबर दाब दाखवतो आणि तापमान मात्र तिथे पोचलेलंच नसतं. अन्नविज्ञान शिकवतं ते असं आकड्यावर आंधळा विश्वास न ठेवायला. पहिल्या सत्रात हे अंगवळणी पडलं की पुढचं सोपं जातं.

रसायनांच्या प्रयोगशाळेत काहीही, अगदी नमुन्याची बिस्किटंसुद्धा, तोंडात घालायची नाहीत. चव घेण्याची खोली वेगळी असते.

प्रश्न : घरचे म्हणतात, चार वर्षं आणि लाखो रुपये खर्चून स्वयंपाकच शिकायचा का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : स्वयंपाक शिकवतं ते हॉटेल मॅनेजमेंट. कुणी काय आणि किती खावं हे आहारशास्त्र सांगतं. जळगावच्या केळ्याचे वेफर चार महिन्यांनी खवट का होतात, तेलातल्या कोणत्या बदलाने, पाकिटात नायट्रोजन भरून ते किती लांबवता येतं आणि ते मोजायचं कसं, हे अन्नविज्ञानाचं काम. घरच्यांना अभ्यासक्रमाचा तक्ता दाखवा. त्यात रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र किती आहे हे त्यांनाच दिसेल.

प्रश्न : आमच्याकडे मायनर निवडायला दहा पर्याय आहेत : संख्याशास्त्र, डिझाइन, पर्यावरण, व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण, मानसशास्त्र वगैरे. सीनियर म्हणतात सोपं घे, सीजीपीए वाढेल. आपलं मत?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : सोपं म्हणून घेतलेलं मायनर चार वर्षांनी मुलाखतीत एका वाक्यात संपतं. आमची पहिली पसंती संख्याशास्त्राला आहे. चव-परीक्षणात तीन अंकी सांकेतिक क्रमांक देऊन नमुने ठेवतात, नऊ गुणांच्या पट्टीवर पसंती नोंदवतात. तीन नमुन्यांतला वेगळा ओळखा अशी चाचणी असेल तर निव्वळ अंदाजानेही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतं. मग तीस जणांपैकी चौदा जणांनी ओळखला, तर दोन उत्पादनांत खरंच फरक आहे असं म्हणायचं का? याचं उत्तर संख्याशास्त्राशिवाय देता येत नाही, आणि ते देता येणारी मुलं थोडी असतात.

डिझाइन घेतलंत तर पॅकेजिंगकडे वळवा. कोणत्या फिल्ममधून किती वाफ आणि किती प्राणवायू आरपार जातो हे माहीत नसलेला डिझायनर सुंदर पाकीट बनवतो आणि आतली चिक्की आठवड्यात सादळते. लेबलाचे नियम 2020 मध्ये नव्याने आले. शाकाहारासाठी हिरवा गोल तसाच राहिला, मांसाहारासाठी तपकिरी गोलाच्या जागी त्रिकोण आला. धोरणाचं मायनर असेल तर अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 मुळातून वाचायची संधी मिळते, तीही मोठी. पर्यावरण घेणाऱ्यांनी पनीरच्या निवळीकडे पाहावं. तिचा बीओडी, म्हणजे ती कुजताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 30,000 ते 50,000 मिलिग्रॅमच्या घरात असतो. ती ओढ्यात सोडली की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि त्याच निवळीतून प्रथिनं काढून विकता येतात. छोट्या विद्यापीठात पर्यावरणाची प्रयोगशाळा दोन दारं पलीकडे असते. असा एक प्रकल्प दोन विभागांच्या मार्गदर्शकांकडे मिळून करा. हे मोठ्या, विभागाविभागांत वाटल्या गेलेल्या ठिकाणी जमणं खरंच कठीण असतं.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. अभ्यासक्रमात मांस, मासे, अंडी आहेत. हाताळावं लागेल का?
— एक पालक, सांगली

उत्तर : थिअरी सगळ्यांना असते. प्रात्यक्षिकांत बहुधा अंड्यांची प्रत तपासणं आणि मांस-माशांचं एखादं प्रात्यक्षिक येतं. त्याऐवजी पर्यायी प्रयोग मिळतो का हे प्रवेशाआधी विभागप्रमुखांना विचारा. अनेकदा मिळतो, पण गृहीत धरू नका. चव-परीक्षण संमतीशिवाय होता कामा नये. काही वर्ज्य असेल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ते लेखी कळवून ठेवा. एक गोष्ट आधीच सांगणं योग्य : सूक्ष्मजीवशास्त्रातल्या न्यूट्रिएंट अगारसारख्या माध्यमांत बीफ एक्स्ट्रॅक्ट असतो. अगार स्वतः समुद्रशैवालाचा. प्लेट काउंट अगारमध्ये दुधातल्या केसीनपासूनचं ट्रिप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतो, तरी सगळे प्रयोग त्याच्यावर होत नाहीत. हे मुलांना माहीत असावं आणि निर्णय त्यांनी घ्यावा.

प्रश्न : इनप्लांट ट्रेनिंग कधी आणि कुठे करावं? विद्यापीठ नवीन आहे, कंपन्यांशी करार फारसे नाहीत.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कारखाना हंगामावर चालतो, विद्यापीठ सत्रावर, घोळ इथेच होतो. आंब्याचा गर एप्रिल ते जून, म्हणजे उन्हाळी सुट्टीशी बरोबर जुळतं. तुमच्या भागातली गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात. जूनमध्ये गेलात तर रिकाम्या काहिली बघून परत याल. सांगली-तासगावचा बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल. डेअरी बारमाही चालते, म्हणून पहिल्या ट्रेनिंगला आम्ही डेअरीच सुचवू. अर्ज तीन-चार महिने आधी करा. करार नसला तरी विभागप्रमुखांचं पत्र आणि विद्यार्थ्याचा अपघात विमा असेल तर मध्यम आकाराचे कारखाने घेतात.

‘सगळं पाहायचंय’ म्हणून गेलात तर आठ दिवसांत सगळे विभाग फिरवून बाकीचे दिवस कोपऱ्यात बसवतात. उत्पादनाची एकच लाइन, एकच काम मागा. उदाहरणार्थ, सीआयपी, म्हणजे यंत्रं न उघडता जागच्या जागी धुणं. दुधाच्या पाइपलाइनमधून आधी पाणी, मग 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक 70 ते 80 अंशांना, पुन्हा पाणी, मग 0.5 ते 1 टक्का नायट्रिक आम्ल 60 ते 65 अंशांना, शेवटी पाणी. कॉस्टिक स्निग्धांश आणि प्रथिनं काढतं, आम्ल दुधातल्या क्षारांचा थर काढतं. रोजच्या नोंदी घ्या : परतीच्या पाइपवर तापमान किती होतं? टाकीवरचं बरोबर आणि परतीचं 10 अंशांनी कमी, असं अनेक ठिकाणी आढळतं, आणि ट्रेनिंगच्या अहवालात घालण्याजोगं निरीक्षण ते हेच.

प्रश्न : एका वर्षानंतर सोडावंसं वाटलं, किंवा पुढे शिकायचं झालं, तर काय?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत, पहिल्या दोन टप्प्यांवर 4 क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स जोडावा लागतो. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात, म्हणून पहिल्या महिन्यातच तिथला आयडी काढा आणि प्रत्येक सत्रानंतर क्रेडिट चढली का ते तपासा. मात्र क्रेडिट जमा असली म्हणजे दुसरं विद्यापीठ ती सगळी मान्य करेलच असं नाही. तिकडचा अभ्यासक्रम जुळला पाहिजे. ‘फूड केमिस्ट्री 1’ या नावाखाली दोन ठिकाणी वेगळंच शिकवतात, तेव्हा अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत दर सत्राला घेऊन ठेवा.

संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. पुढे एम.टेक.साठी गेट ही परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. एक्सएल पेपरमध्ये रसायनशास्त्र सक्तीचं आणि फूड टेक्नॉलॉजी निवडीचा विभाग; एक्सई पेपरमध्ये अभियांत्रिकी गणित सक्तीचं, त्यामुळे बी.एस्सी.च्या मुलांना पहिला सोयीचा पडतो. कुंडली आणि तंजावरच्या निफ्टेम या अन्नतंत्रज्ञान संस्थांचे, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम नजरेसमोर ठेवा, आणि त्यांच्या पात्रतेच्या अटी आत्ताच, विषय निवडण्याआधी वाचा. रसायनशास्त्राची किती क्रेडिट हवीत हे शेवटच्या वर्षी कळून उपयोग नसतो.